जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: सहा महिन्यांनंतर

आमच्या घरात तीन पक्ष आहेत. दादाचं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, म्हणून विंडोज. वहिनी डिझायनर, तिचा मॅक. आणि लिनक्सवाली मी. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, मिंट हा तिचाच एक प्रकार. दादाच्या भाषेत मी ‘काळ्या स्क्रीनवाली’, कारण लिनक्समध्ये काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करत बसावं लागतं असं त्याला वाटतं. वहिनीला सगळे श्रीमंत समजतात. तो मॅक तिनं हप्त्यांवर घेतलाय, हे कुणी विचारतच नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती माझ्या लॅपटॉपमध्ये नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात द्या. चार जीबी रॅमचं धडधाकट मशीन! मला खरंच राग आला. पेन ड्राइव्हवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली, आधी न टाकताच चालवून पाहिली, मग टाकली. पैसे शून्य.

मी दिवसभर मराठी टाइप करते, म्हणून माझी खरी परीक्षा तिथेच होती. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड जोडला. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य (स्लॅशची की): ‘दुसऱ्या’तला ऱ्य बिनचूक उमटला. लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्येही तसाच. काळी स्क्रीन म्हणाल तर सहा महिन्यांत दोनदाच उघडली, तीही प्रिंटरपायी. त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

टॅलीवाल्यांनी मात्र विंडोजवरच राहावं. टॅली थेट लिनक्सवर चालत नाही. दादा बरोबर आहे तिथे. पण लिहिणं, मेल, बँक, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर जुना लॅपटॉप विकू नका. परवा दादानंच त्याचा कपाटातला लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला.