क्यू ६६०० की ई ८४०० : डीटीपीच्या टेबलावरून

"चार कोर आहेत, डबल स्पीड मिळेल," असं जुने कॉम्प्युटर विकणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्यांना हे गणित लागू पडत नाही. अकोल्यातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात इंटेलचे दोन म्हातारे प्रोसेसर शेजारी शेजारी राबतात: दोन कोरचा कोअर टू ड्युओ ई ८४०० आणि चार कोरचा कोअर टू क्वाड क्यू ६६००. दोन्हींचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक, तेच ७७५, दोन्हींखाली जी ४१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम आणि सारखीच एसएसडी. त्यामुळे फरक दिसतो तो प्रोसेसरचाच.

क्यू ६६०० जानेवारी २००७चा. बाजारात आला तेव्हा ८५१ डॉलरचा होता, जुलैत इंटेलने किंमत २६६ डॉलरवर आणली आणि मग तो धो धो खपला. आत खरं तर दोन ड्युअल कोर एकाच झाकणाखाली बसवलेले आहेत. प्रत्येकाची ४ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) वेगळी, आणि एकाला दुसऱ्याकडून काही हवं असेल तर १०६६च्या बसवरून, म्हणजे प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या रस्त्यावरून, फेरा मारून आणायचं. वेग २.४ गिगाहर्ट्झ. ई ८४०० वर्षभराने आला: ४५ नॅनोमीटरची बारीक बांधणी, ३ गिगाहर्ट्झ, दोन कोरमध्ये मिळून ६ एमबी कॅश, बस १३३३.

आता कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडा. पत्रिकेत गणपती, कलश, वेलबुट्टीची बॉर्डर, वर श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून कर्व्ह केलेली (अक्षरांची चित्रं केलेली) आमंत्रकांची लांबलचक यादी. ही सगळी फाइल सिलेक्ट करून जरा उजवीकडे सरकवली की क्वाडवर चित्र मागे रेंगाळतं. तेव्हा टास्क मॅनेजर बघा, आकडा २५ टक्क्यांच्या आसपास अडकलेला असतो. एक कोर घामाघूम, बाकीचे तिघे पारावर. ई ८४००वर हेच काम चटकन होतं, कारण इथे एकट्या कोरचा दमच कामी येतो. पानं लावायच्या पेजमेकरचंही तेच. गिऱ्हाईक समोर स्टूल ओढून बसलेलं आणि "ताई, मामांचं नाव जरा वर घ्या ना" चाललेलं, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

पण जूनमध्ये प्रवेशाचे फॉर्म सुरू झाले की पारडं फिरतं. ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब, एक पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅप वेब, त्यात पाठीमागे स्कॅनर. ई ८४०० लगेच १०० टक्क्यांना टेकतो आणि कर्सर अडखळायला लागतो. क्वाड मात्र गपगुमान ओढतो. व्हिडिओ कन्व्हर्ट करायला दिला तर तो ड्युओच्या बराच पुढे निघतो, कारण तिथे चारही कोर कामाला लागतात.

उन्हाचं मात्र आमच्याकडे वेगळंच प्रकरण आहे. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५च्या आसपास, दुकानात एक पंखा. ई ८४०० ६५ वॅटचा. त्याने कधी त्रास दिला नाही. क्वाड ९५ वॅटचा, तोही जी-झीरो नावाची नंतरची आवृत्ती असेल तर. आधीचा बी-थ्री १०५ वॅटचा. ओळखायचं कसं? प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून त्याच्या झाकणावरची अक्षरं वाचायची: एसएलएसीआर (जी-झीरो) असेल तर घ्या, एसएल९यूएम (बी-थ्री) असेल तर परत द्या. विकणारा "काही फरक नाही" म्हणेल. त्याचं विजेचं बिल आपण भरत नाही, आपलं तो भरत नाही.

प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या पिनाही नीट बघा. जुनं प्लास्टिक कडक होतं, तीन पिना टक्कन बसतात आणि चौथी बसल्यासारखी वाटते. मग तो कोपरा किंचित उचललेला राहतो आणि क्वाड तापून मशीन आपोआप बंद होतं, नेमकं प्रिंटआउटच्या घाईत. बोर्ड उलटा करून चारही टोकं पुरती बाहेर आलीत का ते बघितल्याशिवाय डबा बंद करू नये. क्वाडच्या खालच्या पॅडवर टेप लावून बस १०६६वरून १३३३ करायची आणि ३ गिगाहर्ट्झ मिळवायचे, ही युक्तीही काही जण सांगतात. चालते. विदर्भात उन्हाळ्यात मी करणार नाही.

सध्या माझी वाटणी अशी आहे. आत ई ८४००, विंडोज ७, कोरल, आणि नेटची वायर काढलेली. काउंटरवर क्वाड, त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम, कारण विंडोज ७वर क्रोमच्या अपडेट १०९ नंबरलाच थांबल्या. विंडोज १०चा सपोर्टही ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती यातल्या कुठल्याच प्रोसेसरवर चालू होत नाही. तिला पॉपकाउंट नावाची प्रोसेसरच्या आतली आज्ञा (इन्स्ट्रक्शन) लागते आणि ती दोघांकडेही नाही.

घरात ७७५चा बोर्ड पडून असेल आणि काम पत्रिकांचं असेल तर ई ८४०० घ्या, ब्राउझरचं असेल तर जी-झीरो क्वाड. बोर्डही विकत घ्यावा लागणार असेल तर दोघांच्याही नादी लागू नका. तेच पैसे साठवून ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीच्या आय ५ प्रोसेसरचा जुना कॉम्प्युटर बघा, विंडोज ११ त्यावर रीतसर चालतं.