खिंडसी, एसटीने : नऊ महिन्यांच्या पायफेऱ्यांनंतर

गेल्या ऑगस्टपासून या एप्रिलपर्यंत मी रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या परिसरात तेवीस वेळा पायी हिंडलो, आणि त्यांपैकी एकदाही स्वतःच्या वाहनाने गेलो नाही. नागपुरात खिंडसीची चौकशी केली की लोक नौकाविहार, जेवणाची सोय आणि गाडी लावायची जागा एवढेच सांगतात. ज्याला फक्त चालायचे आहे आणि ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने काय करावे हे मला कोणी सांगू शकले नव्हते. तो अनुभव इथे नोंदवत आहे.

प्रथम जाण्याविषयी. मी छत्रपती चौकाजवळ राहतो. तिथून मेट्रोने सीताबर्डी, तिथे मार्गिका बदलून कॉटन मार्केट, आणि पुढे पायी गणेशपेठ बसस्थानक हा क्रम आता अंगवळणी पडला आहे. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत थेट मेट्रोने जाऊन कामठी मार्गावर बस गाठण्याचा प्रयोग दोनदा केला. वेळ थोडा वाचतो, परंतु तोवर बस भरलेली असते आणि कन्हान ओलांडेपर्यंत दांडीला लोंबकळत उभे राहावे लागते, म्हणून तो सोडून दिला. इतवारीहून रामटेकला रेल्वेही जाते व तो प्रवास बसपेक्षा निवांत वाटतो, पण गाडीच्या फेऱ्या मोजक्याच असल्याने चालणे तिच्या वेळेला बांधले जाते. बसमध्ये डावीकडची खिडकी धरावी. सकाळी उत्तरेकडे जाताना ऊन उजवीकडून येते आणि संध्याकाळी दक्षिणेकडे परतताना तेही उजवीकडूनच येते, त्यामुळे दोन्ही वेळा डावी बाजू सावलीत राहते. हे साधे गणित लक्षात यायला मला तीन फेऱ्या लागल्या.

खर्चाचे म्हणाल तर मी सदुसष्ट वर्षांचा असल्याने मला अर्धे तिकीट लागते, आणि मार्च 2023 पासून महिलांनाही एसटीत निम्मे भाडे असल्यामुळे सौ. बरोबर असली की आम्हा दोघांचे मिळून एकच पूर्ण तिकीट होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफतच आहे. गाडीने गेलो असतो तर रामटेकपर्यंतच्या जवळपास पन्नास किलोमीटरच्या पेट्रोलमध्ये आमच्या चार फेऱ्या झाल्या असत्या. पण बसचा खरा फायदा पैशाचा नाही. गाडी जिथे लावली तिथेच परत यावे लागते. बसने गेलेला माणूस एका वाटेने पाण्याकडे जाऊ शकतो आणि भलत्याच वाटेने गावात उतरू शकतो.

माझी ठरलेली फेरी अशीच आहे. रामटेकला उतरल्यावर सडकेने तलावाकडे चालत जातो. माझ्या चालीने हे अंतर तासाभराचे आहे. घाई असलेल्यांना ऑटो मिळतो, मात्र बसण्यापूर्वी भाडे आणि परत येण्याविषयी स्पष्ट बोलून घ्यावे, कारण एका ऑटोवाल्याने आम्हाला सोडताना दोन वाजता येतो म्हणून सांगितले आणि तो दिवसभर फिरकलाच नाही. पाळेच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, परिसरात आणि काठाने दोन-अडीच तास हिंडून झाले की परतताना अंबाळा तलावाकडे वळतो, तिथून यात्रेकरूंच्या पायऱ्यांनी गड, म्हणजे रामटेकची मंदिरांची टेकडी, चढतो आणि पलीकडच्या बाजूने रामटेक गावात उतरतो. चढण दमवणारी आहे, परंतु वर वाकाटककालीन नरसिंह मंदिरांच्या जाड दगडी भिंतींपाशी पाठ टेकली की थकवा उतरतो. गडावरच्या वानरांना पिशवीचा आवाज ओळखता येतो. खाण्याची वस्तू वर काढूच नये. सौ.च्या हातातली फल्लीदाण्याची पुडी एका वानराने इतक्या सभ्यपणे काढून घेतली की ओरडायचे भानही राहिले नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे पाणी. खिंडसी हा ब्रिटिश काळात सूर नदी अडवून केलेला सिंचनाचा तलाव आहे आणि त्याचे पाणी शेतीला सुटते, म्हणून त्याचा काठ कधीही एका जागी नसतो. ऑगस्टमध्ये मी प्रथम गेलो तेव्हा खालच्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपत आली होती, पाणी झुडपांच्या बुंध्यांशी लागले होते आणि काठाने चालणे जवळजवळ अशक्य होते. त्या दिवसांत सडक, नहराचा काठ आणि पाळेच्या आजूबाजूचा भाग एवढ्यावरच समाधान मानावे लागते. पाळेच्या दगडी पिचिंगवर, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांवर, शेवाळ धरते. त्यावर उतरू नये.

ऑक्टोबरात आमची फजिती झाली ती याच कारणाने. फोनवरील नकाशात काठाकाठाने जाणारी एक पायवाट ठळक दिसत होती आणि तिने गेलो तर अर्धा तास वाचेल असे मी सौ.ला छातीठोकपणे सांगितले होते. पाऊण तास चालल्यावर ती वाट सरळ पाण्यात शिरली. समोर तलावाचा फुगवटा एका नाल्यात आत आला होता, आणि पलीकडे पन्नास-साठ पावलांवर तीच वाट पाण्यातून वर निघून पुढे गेलेली स्पष्ट दिसत होती. म्हशी घेऊन बसलेला एक गृहस्थ आमच्याकडे बराच वेळ पाहत होता. शेवटी तो म्हणाला, “काकाजी, हा उन्हाळ्याचा रस्ता आहे. आता नाही निघत जी हा.” आलो तसे मागे फिरलो, ठरलेली बस हुकली आणि पुढची येईपर्यंत बसस्थानकाबाहेर उकडलेले शिंगाडे सोलत बसलो. सौ.ने त्यानंतर नकाशाविषयी एक अक्षरही काढले नाही, हे अधिक टोचले.

त्या गृहस्थाचा शब्द मात्र उपयोगी पडला. तेव्हापासून मी माझ्या वहीत वाटांची नोंद तशीच ठेवतो : पावसाळ्याची, हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची. डिसेंबर-जानेवारीत पाणी मागे सरू लागते आणि चालायला सर्वांत उत्तम काळ येतो. सकाळच्या धुक्यात अडई बदकांचे थवे शीळ घालत उठतात. दुर्बीण नसली तरी चक्रवाकाचा नारिंगी रंग दुरून ओळखता येतो. फेब्रुवारीअखेर पळस फुलतो. मार्चअखेर मोह गळायला लागतो, आणि पहिल्या बसने गेलो तर झाडाखाली टोपल्या घेऊन फुले वेचणारी कुटुंबे भेटतात. त्यांच्या वेचणीतून वाट काढू नये, वळसा घालावा.

मार्चमधील काठ मला सर्वांत जास्त आवडला, जरी छायाचित्रात तो उजाड दिसतो. पाणी थांबत थांबत उतरलेले असल्याने उतारावर चिखलाच्या बारीक पायऱ्या पडतात, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला शिंपले, काड्या व पिसे यांची एक रेघ राहते. मी एकदा अशा सतरा रेघा मोजल्या. खालच्या ओलसर पट्ट्यात गाळपेर, म्हणजे पाणी उतरलेल्या गाळात पेरणी, केलेली होती : तरबूज आणि डांगराचे वेल, भोवती काटेरी फांद्यांचे कुंपण, मध्ये एक खोपटी. तिथल्याच भेगाळलेल्या मातीत टिटवीची चार अंडी उघड्यावर होती, मातीच्याच रंगाची, टोके आत वळवून ठेवल्यासारखी. टिटवीने डोक्यावर घिरट्या घालून आरडाओरडा केला नसता तर माझा पाय नक्की त्यांवर पडला असता. या दिवसांत काठावर खाली पाहूनच चालावे.

उणिवा लपवण्याचे कारण नाही. पाण्याच्या अगदी जवळ सावली फार कमी आहे. स्वच्छतागृह सकाळी बसस्थानकावर सोडले की पुढे कुठे मिळेल याचा भरवसा धरू नये, आणि सौ. काही वेळा आली नाही त्याचे हेच कारण होते. रविवारी सहलीच्या घोळक्यांमागे उरणाऱ्या पत्रावळी, प्लास्टिकचे पेले आणि मोठ्या आवाजातील गाणी सहन होत नसतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेच्या सुमारास बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. हा भाग जंगलाला लागून आहे, म्हणून आम्ही उजाडण्यापूर्वी किंवा दिवस मावळल्यावर काठावर थांबत नाही, आणि कडेच्या झुडपांत एकट्याने शिरत नाही.

परतीच्या बसविषयी माझा नियम आता पक्का आहे. सकाळी उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळा विचारून वहीत लिहितो आणि शेवटच्या नव्हे, तिच्या आधीच्या बसचा हिशेब धरून चालणे संपवतो. दोन लिटर पाणी, टोपी आणि दुपट्टा एवढे सामान पुरते. जेवणाचा डबा मी नेतो, पण गावात तर्री पोहे मिळतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी शेवटचा गेलो. सकाळी दहालाच ऊन असे लागले की गड चढण्याचा विचार सोडला, आणि उन्हाळ्याच्या त्या वाटेने, कोरड्या नाल्यातून, पन्नास-साठ पावले चालून पलीकडे निघालो. मे महिन्यात जाणार नाही. रोवणी सुरू झाली की पुन्हा पावसाळ्याच्या वाटेने सुरुवात करीन.