अर्ज तुमचा, ईमेल एजंटचा

पासपोर्टच्या कामात फसलेला माणूस आधी पैशांचा हिशेब सांगतो. ३६ पानी साध्या पासपोर्टची सरकारी फी १५०० रुपये, तत्काळची ३५००, आणि एजंटाने घेतलेले असतात त्याच्या दुप्पट-तिप्पट. पैसे गेले ते गेले. जास्त महागात पडते ते दुसरेच. अर्ज भरताना एजंटाने स्वतःचा ईमेल आणि स्वतःचाच मोबाइल टाकलेला असतो. मग ओटीपी त्याला, अपॉइंटमेंटचा मेसेज त्याला, पासवर्डही त्याच्याकडे. ठरल्यापेक्षा जादा पैसे मागितले की तुमच्या हातात काहीच नसते.

पासपोर्टची सरकारी वेबसाइट ‘पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन’. शेवट ‘डॉट ओआरजी’ किंवा ‘डॉट कॉम’ असेल तर तिथे आधार क्रमांकसुद्धा टाकू नका. अशा नकली साइट्सबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने स्वतः इशारा दिलेला आहे. त्या दिसतात हुबेहूब, फॉर्म भरून घेतात, पैसेही घेतात. पुण्यातल्या मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मात्र त्या पावतीला कोणी विचारत नाही. खऱ्या अर्जाला एआरएन, म्हणजे अर्जाचा संदर्भ क्रमांक मिळतो. पैसे भरण्याआधी तो मागा आणि सरकारी साइटवर स्वतः तपासा.

‘लवकरची तारीख काढून देतो’ हा धंद्यातला सर्वांत जुना डाव. तारीख मिळवायला वेगळी फी नसते, आणि एकाची अपॉइंटमेंट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. एजंट मिळेल ती तारीख घेऊन ठेवतो आणि मग बदलत बसतो. बदल करता येतो तीनदाच. तुम्ही आजारी पडलात, रजा मिळाली नाही, तर तोवर त्या संधी त्याने संपवलेल्या असतात.

पुण्यात भाड्याने राहणारे विद्यार्थी आणि आयटीवाले यांना आणखी एक माल विकला जातो: स्टॅम्प पेपरवरचा नोटरी केलेला भाडेकरार. पत्त्याच्या पुराव्यासाठी करार नोंदणीकृत लागतो, नोटरीचा चालत नाही. ‘गावाकडचाच पत्ता टाकू’ हा सल्ला तर त्याहून वाईट, कारण पोलीस पडताळणीला तुम्ही तिथे सापडत नाही आणि अहवाल विरुद्ध जातो. खोटी माहिती देणे हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. गुन्हा लागतो अर्जदाराला. एजंटाचे नाव अर्जात कुठेच नसते.

दहावीची गुणपत्रिका न जोडता घाईने भरलेला अर्ज ईसीआर वर्गात, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागणाऱ्यांत जातो, आणि ते कळते सौदी किंवा कुवेतला नोकरीला निघताना. बाकी किरकोळ लूट, म्हणजे केंद्राबाहेर विकले जाणारे फोटो. मोठ्यांना ते लागतच नाहीत, फोटो आणि बोटांचे ठसे आतच घेतात.

व्हिसात हाच खेळ मोठ्या रकमेवर चालतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची अर्ज फी १८५ डॉलर, ती परत मिळत नाही. त्या व्हिसाचा ऑनलाइन अर्ज म्हणजे डीएस-१६० फॉर्म. तो भरायला कोणी मदत केली का, असा सरळ प्रश्न त्या फॉर्ममध्येच आहे. एजंट तिथे ‘नाही’ लिहितो. इतर कोणी फॉर्म भरला तरी शेवटची सही करणारे बटण अर्जदारानेच दाबायचे असते, तेही एजंटच दाबतो. पगार फुगवून दाखवणे, बँकेचे बनावट स्टेटमेंट जोडणे हे पुढचे टप्पे, आणि ते उघड झाले तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. मार्च २०२५ मध्ये बॉट, म्हणजे आपोआप बुकिंग करणारे प्रोग्राम वापरून घेतलेल्या सुमारे २००० अपॉइंटमेंट अमेरिकेच्या भारतातील दूतावासाने रद्द केल्या आणि त्या खात्यांची अपॉइंटमेंट घेण्याची सोयही निलंबित केली. ‘व्हिसाची गॅरंटी’ म्हणणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवा. निर्णय वाणिज्य दूतावासाचा असतो, कागद गोळा करणाऱ्या केंद्राचाही नाही.

मदत घ्यायचीच असेल तर खाते स्वतःच्या ईमेलवर उघडा, मोबाइल स्वतःचा द्या, ओटीपी फोनवर सांगू नका. एजंटाला मूळ कागद देऊ नका, प्रती पुरतात. सबमिट करण्याआधी नाव, जन्मतारीख आणि पत्ता छापून घेऊन एकेक अक्षर ताडून पाहा. सरकारी फी आपल्याच खात्यातून भरा. एजंटाची मजुरी वेगळी, पावती घेऊन.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. वेळ गेला की रक्कम खात्याखात्यांतून फिरून निघून जाते. पासपोर्टच्या अर्जाची खरी स्थिती विचारायला १८००-२५८-१८०० हा सरकारी क्रमांक आहे.