गावच्या आरोग्यमाहितीसाठी वर्डप्रेस: संपादकाच्या नजरेतून

रोगांची माहिती आशाताई, सिस्टर आणि उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) लिहिणार, डॉक्टर तपासणार आणि मग ती गावातल्या मोबाइलवर उघडणार. एवढ्या कामाला वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, पुरून उरतं. सॉफ्टवेअर फुकट आहे, डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंगचे (साइट ठेवायच्या जागेचे) पैसे तेवढे दरवर्षी भरावे लागतात. यवतमाळ-गडचिरोलीकडच्या एखाद्या संस्थेने वेगळं ॲप बनवून घेण्यापेक्षा हेच घ्यावं. मात्र त्याची राखण 'प्रकाशित करा' या बटणापर्यंतच चालते. त्यापुढचा बंदोबस्त संपादकालाच करावा लागतो.

लिहिणाऱ्या प्रत्येकाला 'कॉन्ट्रिब्युटर'चंच खातं द्या. त्यातून मजकूर तपासणीसाठी पाठवता येतो, प्रकाशित करता येत नाही. 'ऑथर' केलं की माणूस स्वतःच थेट टाकतो आणि टाकलेलं नंतर बदलतोही. औषधपाण्याच्या मजकुराला ही मोकळीक नको. कॉन्ट्रिब्युटरला दोन गोष्टी अडतात. त्याला फोटो चढवता येत नाहीत, ते संपादकाकडे पाठवायला सांगा. आणि त्याला फक्त 'पोस्ट' (एकेक लेख) लिहिता येते, 'पेज' (साइटचं कायमचं पान) नाही. म्हणून रोगांची सगळी माहिती पोस्टमध्येच ठेवा. पेज संपर्क आणि संस्थेच्या माहितीपुरतं. संपादकानेही रोजचं काम 'एडिटर'च्या खात्यातून करावं, म्हणजे चुकूनही थीम (साइटचं रूप) किंवा प्लगिनला (जोडलेल्या जादा सोयींना) धक्का लागत नाही.

आता खरी उणीव. प्रकाशित पोस्टमध्ये एडिटरने बदल केला की तो त्याच क्षणी वाचकापुढे जातो, मध्ये डॉक्टरांची नजर पडतच नाही. ओआरएसच्या मजकुरात हे बाळाच्या जिवावर बेतू शकतं. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर द्रावण फार दाट होतं आणि बाळाच्या रक्तातलं मीठ वाढतं. बाजारात २०० मिलीची छोटी पुडीही मिळते, त्यामुळे 'एक पुडी, एक लिटर' असं सरसकट लिहून भागत नाही. 'पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात' हे वाक्य हवं आणि सोबत दोन्ही पुड्या शेजारी ठेवून काढलेला फोटो. असा मजकूर बदलायचा तर त्याची प्रत काढून नवा ड्राफ्ट (कच्चा मसुदा) करा, डॉक्टरांकडून पास करून घ्या, मगच जुन्या पोस्टमध्ये चिकटवा. तरी चूक झालीच तर 'रिव्हिजन्स'मधून मागची प्रत परत आणता येते. ही सोय मात्र खरोखर उत्तम आहे.

पोस्टखाली आपोआप दिसणाऱ्या तारखेवर विसंबू नका. स्वल्पविराम दुरुस्त केला तरी 'शेवटचा बदल' ताजा होतो. डॉक्टरांनी कधी तपासलं, तो महिना आणि वर्ष शेवटच्या ओळीत हाताने लिहा.

शीर्षक मराठीत दिलं की लिंकही मराठीत तयार होते, आणि पुढे पाठवताना तिची टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली लांबच लांब रांग होते. देवनागरीतलं एकेक अक्षर किंवा मात्रा तिथे ९ जागा खाते आणि मर्यादा २०० ची आहे, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'साप चावल्यास पहिल्या तासात काय करावं' हे त्यात बसत नाही, लिंकमधलं शीर्षक मध्येच कापलं जातं. प्रकाशित करण्याआधी 'स्लग'च्या (लिंकच्या शेवटच्या भागाच्या) चौकटीत रोमन अक्षरांत एक-दोन शब्द टाका. नंतर बदलू नका, लिंक तोवर व्हॉट्सॲपवर फिरलेली असते.

साइटवरचा शोध फक्त मजकुरात असलेला शब्दच शोधतो. 'अतिसार' लिहिलंय आणि वाचणाऱ्याने 'हगवण' टाकलं तर काहीच सापडणार नाही. दोन्ही शब्द पहिल्या परिच्छेदात आणा. हिवताप-मलेरियाचंही तसंच.

थीम साधी घ्या आणि तिच्यासोबत येणारा वेबफॉन्ट बंद करा. अँड्रॉइडमध्ये देवनागरी फॉन्ट असतोच, मग कमी रेंजमध्ये तो पुन्हा उतरवायला लावण्यात काय हशील? धारणी-चिखलदऱ्यासाठी कोरकू भाषेत बोललेला ऑडिओ द्यायचा तर मोनो (एकाच चॅनेलचा), ३२ केबीपीएसवर (सेकंदाला ३२ किलोबिट) ठेवा. मिनिटाला सुमारे २४० केबी लागतात आणि बोलणं स्पष्ट ऐकू येतं.

१०८ (रुग्णवाहिका) आणि १०४ (आरोग्य सल्ला) हे क्रमांक मराठी अंकांत छापले तरी त्यांच्यामागे दडलेल्या, फोन लावणाऱ्या लिंकमध्ये इंग्रजी अंकच टाका, नाहीतर दाबल्यावर फोन लागेलच याचा भरवसा नाही.

कॉमेंट बंदच ठेवा, लोक तिथे नावानिशी आपले आजार लिहितात. पण वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'डिस्कशन'खाली असलेली कॉमेंट बंद करायची सेटिंग पुढच्या पोस्टनाच लागू होते. आधीच्या पोस्ट यादीत निवडून 'बल्क एडिट'मधून वेगळ्या बंद कराव्या लागतात.