कार्ड विक्रमगडचं, अंगठा तुर्भ्यात: रेशन पोर्टेबिलिटी ठाणे-नवी मुंबईत कितपत चालते

दिवाळी झाली की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कातकरी आणि वारली कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. काही जण तुर्भे, दिघा, रबाळेच्या नाक्यांवर बिगारी शोधतात. भांडी, गोधड्या, लेकरं सगळं बरोबर येतं. रेशन मात्र पूर्वी गावीच राहायचं. मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, आठवड्याची खर्ची हातात पडली की भट्टीजवळच्या दुकानातून बाजारभावाने तांदूळ आणायचा आणि तो खर्च उचलीत वाढत जायचा. ही साखळी तोडायची ताकद ज्या एका सरकारी सेवेत आहे ती म्हणजे रेशनची पोर्टेबिलिटी. कार्ड कुठलंही असो, धान्य कुठल्याही रेशन दुकानातून घ्यायचं.

ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा अशा दोन जोड्यांपासून 'एक देश एक रेशन कार्ड' सुरू झालं आणि 2022 च्या जूनपर्यंत सगळी राज्यं त्यात आली. विक्रमगडच्या कार्डाला तर राज्याची हद्दही ओलांडावी लागत नाही. सेवा म्हणून तिला आमचे गुण चांगले आहेत, पण ज्याचं कार्ड आहे, त्यावर नाव आहे आणि अंगठा लागतो त्याच्यासाठी. बाकीच्यांबद्दल पुढे लिहिलं आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी सेवा जिथे नीट चालते ते बघू. दुकानात मूळ कार्ड न्यावंच लागतं असं नाही. बारा अंकी आरसी नंबर (रेशन कार्डाचा नंबर) किंवा कार्डावरच्या कुणाही एका सदस्याचा आधार नंबर पुरतो. दुकानातल्या पॉस मशीनवर (अंगठा घेऊन पावती देणारं यंत्र) नंबर टाकला की सदस्यांची नावं आणि महिन्याचं शिल्लक धान्य दिसतं, हजर असलेल्याने अंगठा द्यायचा की पावती निघते. या धान्याच्या यादीत दोन गट: प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अगदी गरिबांसाठीच्या अंत्योदयला कार्डामागे 35 किलो. 1 जानेवारी 2024 पासून पाच वर्षांसाठी हे धान्य मोफत आहे. दुकानदार पैसे मागत असेल तर ते कशाचे हे पावतीवर दाखवायला सांगा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो घर दोन ठिकाणी वाटलं गेल्यावर. सहा युनिटच्या, म्हणजे सहा माणसांच्या, कार्डावर महिन्याला 30 किलो येतं. म्हातारी आणि दोन पोरं गावी असतील आणि तिघं भट्टीवर, तर 15 किलो तिथे आणि 15 किलो इथे असं उचलता येतं, मशीन तुकड्यांत उचल मान्य करतं. पण गावच्या दुकानात सवयीने सगळं 30 किलो एकाच अंगठ्यावर उचललं जातं आणि इथे मशीन शून्य दाखवतं. बाई अर्धा दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते, दुकानदार म्हणतो 'तुमचं झालंय'. त्याची चूक नसते. गावाहून निघण्यापूर्वी घरच्यांना आणि दुकानदाराला किती किलो उचलायचं ते नक्की सांगून ठेवणं हाच उपाय. फोन असेल तर 'मेरा राशन' ॲपवर महिन्याची उचल पाहता येते, म्हणजे हेलपाटा वाचतो.

दुसरी अडचण साठ्याची. दुकानाला माल त्याच्या स्वतःच्या कार्डांवर मिळतो. बाहेरच्यांनी उचललेलं धान्य हिशेबात धरलं जातं, पण भरपाई पुढच्या वाटपात येते. त्यामुळे नाक्याजवळच्या, मजुरांच्या वस्तीतल्या दुकानात माल लवकर संपतो आणि महिन्याच्या शेवटी गेलेल्याला 'माल आला नाही' ऐकायला लागतं. क्विंटलमागचं कमिशन बाहेरच्या कार्डावरही तेवढंच मिळतं, तेव्हा दुकानदाराने नाकारण्यामागे पैशाचं कारण नाही, धास्ती साठ्याची असते. शक्यतो पंधरा तारखेच्या आत जावं. एका दुकानात माल नसेल तर शेजारच्या दुकानातून उचलता येतं. एकाच दुकानाशी बांधून राहायचं नाही हाच या सेवेचा सगळा अर्थ आहे.

अंगठ्याचं दुखणं वेगळं. विटा थापून, वाळू-सिमेंट कालवून बोटांच्या रेषा झिजतात. मशीन लाल दिवा दाखवत राहतं आणि रांग मागून ओरडते. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, मग एक-एक करून दहाही बोटं लावून पाहावीत, कारण अनामिका किंवा करंगळीच्या रेषा बहुधा शाबूत असतात. नाहीच लागलं तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवता येतो, पण तो नंबर चालू असायला हवा. आधारला मुकादमाचा नंबर दिला किंवा नंतर सिम बदललं, ही नेहमीची गोष्ट. आधार केंद्रावर बायोमेट्रिक नव्याने नोंदवून घेणं हा टिकाऊ उपाय. मुलांच्या बाबतीत पाच आणि पंधरा वर्षांच्या टप्प्यावर बायोमेट्रिक अद्ययावत करणं बंधनकारक आहे, ते राहिलं की ई-केवायसी (कार्डावरच्या माणसाची आधारवरून पडताळणी) अडतं. आणि अंगठा लागला नाही किंवा आधार नाही म्हणून कार्डधारकाला धान्य नाकारायचं नाही, अशा सूचना केंद्राने 2017 मध्येच दिल्या आहेत. दुकानात हे शांतपणे पण ठामपणे सांगावं.

वजनाकडे लक्ष ठेवा. गोदामातून आलेल्या पोत्यात तूट असली की ती गिऱ्हाइकाच्या पिशवीतून वसूल होते. रिकामं तागाचं पोतंच साधारण 580 ग्रॅम भरतं, ते धान्यात धरलं की दर पोत्यामागे अर्धा किलोहून जास्त गेलं. पावतीवर 15 किलो असेल तर काट्यावर 15 दिसायला हवेत, पिशवी आधी रिकामी ठेवून काटा शून्यावर आणून. बाहेरगावची बाई बघून घाईत माप टाकलं जातं. थांबून आकडा वाचा.

तांदळाबद्दल एक गोष्ट इथल्या वस्त्यांवर फार ऐकू येते: 'प्लास्टिकचे दाणे आहेत'. सुपात तांदूळ पाखडताना थोडे पांढुरके, जरा वेगळ्या आकाराचे दाणे वेगळे दिसतात आणि बायका ते निवडून टाकून देतात. हे पोषणतत्त्व घातलेले दाणे आहेत, तांदळाच्याच पिठाचे, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 असतं, साधारण शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळलेले. तेच टाकून दिलं की पंडुरोगावर जे थोडंफार मिळणार होतं तेही गेलं. घरात कुणाला सिकलसेल असेल तर मात्र डॉक्टरांना विचारावं.

आता ज्यांच्यापर्यंत ही सेवा पोचतच नाही त्यांच्याबद्दल. कातकरी ही केंद्राने मान्य केलेली विशेष असुरक्षित आदिम जमात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2003 च्या आदेशात आदिम जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय द्यायला सांगितलं होतं. तरी भट्टीवर गेलं की कुणाकडे केशरी, म्हणजे अंत्योदय नसलेलं, कार्ड निघतं, कुणाचं नाव अजून बापाच्या कार्डावर असतं, कुणाकडे काहीच नसतं. लग्न होऊन वेगळी चूल मांडलेल्या तरुण जोडप्यांचे हाल सर्वांत जास्त. ऑफिसात गेलं की उत्तर मिळतं, 'इष्टांक संपला', म्हणजे धान्य द्यायच्या माणसांची ठरलेली संख्या भरली. शब्द खरा आहे: राज्याचा इष्टांक सुमारे 7 कोटी माणसांचा, आणि तो 2011 च्या जनगणनेवर बांधलेला. पण आदिम जमातीच्या कुटुंबाने तेवढ्यावर परत फिरू नये. लेखी अर्ज द्यावा, जातीचा दाखला जोडावा आणि पोच घ्यावी. नाव चढवायला नमुना 8, नाव कमी करायला नमुना 9, नव्या कार्डाला नमुना 1. आधी जुन्या कार्डावरून नाव कमी झाल्याशिवाय नव्यावर चढत नाही, इथे महिने जातात.

अंत्योदयचं आणखी एक सांगायला हवं. 35 किलो कार्डामागे आहे, माणसामागे नाही. चार जणांच्या घराला त्याचा चांगला फायदा होतो. आठ जणांच्या घराला प्राधान्यमध्ये 40 किलो मिळाले असते. वीटभट्टीवरचं कुटुंब मोठं असतं, तेव्हा एकत्र कार्डावर अंत्योदय घेण्याऐवजी लग्न झालेल्या मुलाचं कार्ड वेगळं करून घेणं पोटाच्या हिशेबाने शहाणपणाचं. आणि अंत्योदयची साखर राज्याबाहेरच्या कार्डाला लागू नाही. गुजरात किंवा उत्तर प्रदेशच्या कार्डावर इथे ती मिळणार नाही, फक्त गहू-तांदूळ मिळेल, तोही इथल्या वाटपात जसा असेल तसा.

कुठे जायचं यातही फसगत होते. दिघा, ऐरोली, तुर्भे, नेरूळ हे ठाणे जिल्ह्यात, काम शिधावाटप कार्यालयात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये, तिथे तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा. दोन्हीकडे नवी मुंबईच म्हणतात, म्हणून माणूस चुकीच्या रांगेत दिवस घालवतो. धान्य उचलायला मात्र ही हद्द आड येत नाही. तक्रारीसाठी 1967 आणि पोर्टेबिलिटीसाठी 14445. फोनवर दुकानाचा नंबर, तारीख आणि दुकानदाराने दिलेलं कारण सांगावं. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यापुढे राज्य अन्न आयोग. अन्न सुरक्षा कायद्यात हक्काचं धान्य न मिळाल्यास भत्त्याची तरतूद आहे, पण ती मागायला लेखी तक्रार हातात लागते.

भट्टी सुटायच्या महिन्यात, मृगाआधी गावी निघताना, त्या महिन्याचा इथला वाटा आधी उचलून घ्या, आणि कार्डावरच्या ज्यांचं ई-केवायसी राहिलं असेल त्यांचं इथल्याच दुकानात करून टाका. त्यासाठी गावचंच दुकान लागत नाही.