लोहचुंबक त्याचा, डबाही त्याचाच

दिवाळीच्या तोंडावर लातुरातल्या एका मंगल कार्यालयावर पुन्हा ‘फॅक्टरी सेल’चा फलक लागला आहे, म्हणून गेल्या वर्षी अशाच एका सेलमध्ये झालेली माझी फसवणूक येथे लिहीत आहे. रक्कम 1,850 रुपयांची आणि वस्तू स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा. चारचौघांत सांगायला संकोच वाटावा इतके हे प्रकरण लहान आहे, आणि बहुधा त्या संकोचावरच अशा विक्रेत्यांचे फावते.

घंटागाडीवाले ओला व सुका कचरा वेगळा मागू लागल्यापासून एका बादलीने भागेनासे झाले होते. ओल्या कचऱ्यासाठी पायाने झाकण उघडणारा आणि निदान दहा वर्षे टिकेल असा स्टीलचा डबा घ्यावा, असे मी ठरवले. “कचराच टाकायचा की त्यात, सोनं ठेवायचंय का?” असे सासूबाई म्हणाल्याही. विक्रेत्याने मात्र “ताई, 304 ग्रेडचं स्टील आहे, जालन्याचा माल,” असे सांगून लोहचुंबक माझ्याच हातात दिला. तो डब्याच्या अंगाला चिकटला नाही आणि मी निर्धास्त झाले. जालन्याच्या कारखान्यांतून मुख्यतः बांधकामाच्या सळया निघतात, हे मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? पण त्या क्षणी मला ते आठवले नाही, हा दोष माझा.

चार महिन्यांनी डबा सरकवला तेव्हा खालच्या शहाबादी फरशीवर तांबूस कडे उमटलेले दिसले, आणि ते लिंबाने घासूनही गेले नाही. पुढे आठवडाभरात पेडल दाबले तर ते खाली गेले आणि झाकण जागचे हललेही नाही. डबा उलटा करून पाहिल्यावर सगळा प्रकार उघडा पडला. पेडलची पट्टी आणि झाकण उचलणारी सळई यांना जोडणारा रिव्हेट काडीएवढा बारीक होता व त्याचे डोके तुटले होते. तळ तर चंदेरी रंग दिलेल्या साध्या लोखंडी पत्र्याचा होता, आणि रंगाचे फुगलेले पोपडे नखाने काढताच खालून गंजाची भुकटी पडत होती. रोज फरशी पुसताना बोअरचे पाणी त्या कडेखाली साचत होते. घरातला चुंबक तळाला लावला, तो टक्कन चिकटला. विक्रेत्याने मला तो फक्त अंगालाच लावू दिला होता.

निदान अंग तरी चांगल्या स्टीलचे असेल, या आशेने डबा गंजगोलाईतल्या एका ओळखीच्या भांडेवाल्या काकांकडे नेला. त्यांनी तपासणीच्या द्रावाचा थेंब टाकून बॅटरी लावली आणि थेंब लाल झाला, म्हणजे अंगही 304 चे नव्हते, 201 किंवा 202 सारख्या स्वस्त स्टीलचे होते. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. 201 किंवा 202 मध्ये बरेचसे निकेल वाचवून त्याऐवजी मँगनीज घालतात, त्यामुळे ते स्वस्त पडते, पण लोणच्याच्या खारासारख्या मिठाच्या ओलाव्यापुढे लवकर हार खाते. चुंबक यांपैकी कशालाच चिकटत नाही. उलट 430 ग्रेडला तो चिकटतो, तरीही डब्यासाठी ते स्टील चालण्यासारखे असते. म्हणजे ज्या परीक्षेवर मी विसंबले, तिने काहीच सिद्ध होत नव्हते.

दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कार्डावर शिक्का होता, पत्ता नव्हता. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, आणि खोक्यावर निर्मात्याचे नावही छापलेले नव्हते. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन केल्यावर समोरच्याचे नाव आणि पत्ता विचारण्यात आला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही, परंतु नोटीस पाठवायची तरी कोठे? मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी हॉल रोखीने दिल्याचे सांगून हात वर केले.

आता मी जाड प्लास्टिकचा पेडलचा डबा घेतला आहे. दुकानात तो आधी उलटा करून पाहिला, पेडल वीस-पंचवीस वेळा दाबले, आतली बादली बाहेर काढून तिची कडी ओढून पाहिली आणि पेडलची सळई तुटल्यास वेगळी मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घेतले. दुकानदार थोडा वैतागला, पण त्याने पक्के बिल दिले.