रीवर्क ड्रॉइंगमध्ये काढलेलं मटेरियल दाखवणं: आठ महिने वापरून झाल्यावर

भोसरीत कन्व्हेयर बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये मी ड्रॉइंगचं काम बघतो. बाजारातून आणलेला पार्ट जसाच्या तसा बसला असं आमच्याकडे क्वचितच होतं, त्यात काटछाट म्हणजे रीवर्क करावं लागतं. यूसीपी 208 प्लमर ब्लॉकच घ्या, म्हणजे शाफ्टचं बेअरिंग धरणारा, बोल्टने बसवायचा ओतीव ब्लॉक. शाफ्टचं सेंटर बुडापासून 49.2 मिमीवर, पायाची लांबी 184. आम्हाला सेंटर हवं 47 वर, म्हणून बूड 2.2 मिमी मिलिंग करायचं. शेजारी लोखंडी चॅनेल आडवा येतो, म्हणून एका बाजूचा कान (बोल्टसाठी बाहेर आलेला पायाचा भाग) 6 मिमी कापायचा. तयार पार्टचं नुसतं ड्रॉइंग दिलं, तर नेमकं कुठून किती काढायचं हे ऑपरेटरला कळत नाही.

सॉलिडवर्क्स या थ्रीडी ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला मी मूळ पार्टमधून तयार पार्ट वजा करून उरलेला तुकडा वेगळा ठेवला, असेंब्लीत (पार्ट एकत्र जोडलेल्या फाइलमध्ये) तयार पार्टवर बसवला आणि त्याला फँटम रेघ (एक लांब तुकडा, मग दोन ठिपके अशी तुटक रेघ) दिली. कान आणि बुडापुरतं छान दिसलं. पण पुढच्याच कामात खाच होती. तो तुकडा खाचेत घट्ट बसलेला, त्यामुळे खाचेच्या तळाच्या रेघा त्याच्यामागे लपल्या. जे मशिन करायचं तेच दिसेना! शिवाय वजनात आणि पार्ट लिस्टमध्ये काढून टाकलेला तुकडाही मोजला जायचा.

आता त्याच पार्टची 'मूळ' आणि 'तयार' अशी दोन कॉन्फिगरेशन (एकाच फाइलमधली दोन रूपं) ठेवतो. एकाच पार्टची असेंब्ली करून तिचीही तशीच दोन बनवतो आणि ड्रॉइंगमध्ये 'तयार' व्ह्यूवर 'मूळ' चा अल्टरनेट पोझिशन व्ह्यू टाकतो, म्हणजे दुसरं रूप त्याच व्ह्यूवर फँटम रेघेत दिसतं. हे फीचर खरं तर हलणाऱ्या भागांसाठी आहे, पण इथे चपखल बसतं. एकाची रेघ दुसऱ्याला झाकत नाही, पार्ट लिस्टमध्ये नग एकच येतो. एका पार्टसाठी असेंब्ली फाइल सांभाळायची कटकट आहेच, पण ती मी पत्करली.

रेघेने सगळं भागतं, हा माझा गैरसमज मात्र शॉपफ्लोअरने लवकरच दूर केला. पहिल्या प्रिंटवर ऑपरेटर विचारतो, "साहेब, ही बाजूची पट्टी कुठली?" त्याची चूक नव्हती. शेजारचा पार्ट आणि हलणाऱ्या भागाची दुसरी जागा दाखवायलाही हीच रेघ वापरतात. तेव्हापासून लीडर (टीप दाखवणारी बाणाची रेघ) ओढून 'काढायचा भाग' असं मराठीत लिहितो. ए1 चं ड्रॉइंग ए3 वर छापलं की दोन ठिपके चिकटून ती रेघ सेंटरलाइनसारखी दिसते, म्हणून रेघेचा पॅटर्न मोठा ठेवतो. लाल रंग करून पाहिला, पण आमचा प्रिंटर काळा-पांढरा. हॅचिंगच्या (तिरक्या रेघा भरण्याच्या) वाटेला जाऊ नका, ऑपरेटर ते सेक्शन म्हणजे कापून दाखवलेला छेद समजतात.

सगळ्यात महाग धडा मापांचा. फँटम रेघेवरूनही माप टाकता येतं, आणि मी टाकलं. बोल्टचा स्लॉट वाढवायचा होता, त्याचं माप कानाच्या जुन्या कडेपासून दिलं. ऑपरेटरने आधी कड कापली, मग हाताशी असलेल्या नव्या कडेपासून मोजलं. स्लॉट 6 मिमी आत! चार ब्लॉक भंगारात गेले. मुळात ती कड कास्टिंगची, खडबडीत. तिच्यावरून माप द्यायलाच नको होतं. आता जुन्या आकाराची मापं फक्त कंसात, माहितीपुरती. कामाची मापं बोअरच्या (शाफ्टच्या भोकाच्या) सेंटरवरून किंवा मिलिंग केलेल्या बुडावरून. आणि बूड आधी करा, असा ऑपरेशनचा क्रमही लिहितो.

नुसतं एखादं जादा होल मारायचं असेल तर हा सगळा उपद्व्याप मी करत नाही. तयार पार्टचा व्ह्यू, होलचं माप आणि 'फक्त हे होल नवीन' एवढी टीप पुरते.